जीपचं टायमिंग : तिसऱ्या रविवारी सापडलेले ६ अंश

डिझेल जीप. हीटर प्लग ठीक, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (हवा दाबली जाणं) ठीक, तरी पहाटे स्टार्ट केली की डोळे चुरचुरणारा पांढरा धूर. दिवे घाटात दुसऱ्या गिअरवरही दम लागायचा. वरच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे हा वेगळा विषय.

इंजेक्शन, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणं, उशिरा होतंय हा संशय होताच. इंजेक्शनचा पंप इनलाइन (दर सिलिंडरला वेगळा दट्ट्या, सगळे एका ओळीत) आहे, म्हणून स्पिल टायमिंग घेतलं, म्हणजे डिझेलची धार कधी थांबते ते पाहिलं: एक नंबरच्या सिलिंडरसाठीच्या डिलिव्हरी व्हॉल्वची (पंपातून डिझेल बाहेर जातं तिथली झडप) स्प्रिंग आणि व्हॉल्व काढला, वर वाकडी नळी बसवली, हातपंपाने डिझेल सोडलं. क्रँक फिरवत गेलं की धार बारीक होते आणि थेंबावर येते, तो डिलिव्हरी सुरू होण्याचा क्षण. (इंजिन बंद करायचा स्टॉप लीव्हर 'बंद'वर असला की धार थांबतच नाही. तो तसाच ठेवून मी अर्धा तास धार थांबायची वाट पाहिली. हसा.) एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे ना, हे चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व एकदम हलतात का यावरून बघायचं.

पुलीचा परीघ ५६५ मिमी, म्हणजे अंशाला साधारण दीड मिमी. कागदाची पट्टी चिकटवून मोजलं. टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) आधी १८ अंश हवेत. मिळाले १२. मग १५. परत १२. मग १६!

तांब्याचे वॉशर घ्यायला नाना पेठेत गेलो होतो, तिथल्या इंजेक्शन पंपवाल्या काकांना हे सांगितलं. त्यांनी मानही वर केली नाही. "खूण ओलांडली की उलटं फिरवून आणता ना? गिअरमधला लूज कोण काढणार मग?"

तेच झालं होतं. उलट दिशेने आलं की दातांमधला ढिलेपणा टायमिंग खोटंच पुढे दाखवतो. खूण चुकली की चांगलं पाव चक्कर मागे जायचं आणि सरळ दिशेनेच परत यायचं. तसं पाच वेळा केलं, पाचही वेळा १२.

मग पंपाचे बोल्ट सैल करून बॉडी शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेने ६ अंश सरकवली. इंजिन असं खडखडलं की लगेच बंद केलं. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, हे शाळकरी गणित विसरलो होतो. सरकवायचे होते ३. दुरुस्त केल्यावर १८ आले.

काल दिवे घाट तिसऱ्या गिअरवर चढली. पहाटेचा धूर मात्र अजून मिनिटभर राहतोय, आणि चार नंबरचा डिझेलचा पाइप ढिला केला की आवाजात फारसा फरक पडत नाही, म्हणजे तो सिलिंडर नीट काम करत नाही. रविवारी त्याचं नोझल (डिझेल फवारणारी तोटी) काढून काकांकडे प्रेशरवर तपासायला लावणार.