मागचा शॉक निवडताना आधी फ्रेम पाहावी

पूर्ण सस्पेन्शनच्या माउंटन सायकलचा मागचा शॉक, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के शोषणारा भाग, बदलायचा असे मनात आले की बहुतेक जण आधी शॉकची परीक्षणे वाचू लागतात. मीही ती वाचली. पण त्यांतला प्रत्येक शॉक कोणत्या तरी एका विशिष्ट फ्रेमवर बसवून तपासलेला असतो, ही गोष्ट वाचणाऱ्याच्या ध्यानातून सहज निसटते. पुढचा फोर्क चाकाला थेट जोडलेला असल्याने चाक जितके वर जाते जवळजवळ तितकाच तो दबतो, आणि म्हणून एका सायकलवर चांगला वाटलेला फोर्क दुसरीवरही बहुधा चांगलाच ठरतो. मागे मात्र चाक आणि शॉक यांच्यामध्ये लिंकेज, म्हणजे सांध्यांवर फिरणाऱ्या दांड्यांची जोडणी, असते, आणि चाकाची हालचाल शॉकपर्यंत किती प्रमाणात व कोणत्या क्रमाने पोहोचावी हे ते लिंकेज ठरवते. त्यामुळे फ्रेमचा उल्लेख वगळून मागच्या शॉकविषयी कोणी मत दिले, तर ते अर्धेच मत समजावे.

माझ्या सायकलच्या मागच्या चाकाला 150 मिमी ट्रॅव्हल (चाक वर सरकण्याचे एकूण अंतर) आहे आणि शॉकचा स्ट्रोक (शॉक पूर्ण दबण्याचे अंतर) 60 मिमी आहे. 150 ला 60 ने भागले की 2.5 येतात, हा तिचा सरासरी लिव्हरेज रेशो. शॉक 1 मिमी दबतो तेव्हा चाक 2.5 मिमी वर सरकलेले असते, आणि चाकावर येणारे बल शॉकवर त्याच्या अडीच पट होऊन पोहोचते. हाच रेशो 3 असलेल्या फ्रेमवर तोच सायकलस्वार बसला, तर शॉकला हवेचा दाबही जास्त लागतो आणि डॅम्पिंग, म्हणजे हालचालीला तेलाने होणारा रोध, हेही जास्त लागते. पण या सरासरीपेक्षाही महत्त्वाचे हे की रेशो ट्रॅव्हलभर कसा बदलत जातो. सुरुवातीला 3 असलेला रेशो शेवटी 2.4 वर आला, तर तो 20 टक्क्यांनी घटलेला असतो. अशी फ्रेम प्रोग्रेसिव्ह म्हणवली जाते, कारण ट्रॅव्हलच्या शेवटाकडे ती स्वतःच शॉकला दाबणे कठीण करत नेते. माझ्या फ्रेमचा रेशो सुमारे 2.6 पासून सुरू होऊन 2.4 वर संपतो. म्हणजे ती जवळजवळ सरळ रेषेत चालणारी फ्रेम आहे, आणि नव्या शॉकच्या निवडीतला सर्वांत मोठा निर्णय याच एका गोष्टीने केला.

जुना शॉक इनलाइन एअर प्रकारातला, म्हणजे हवेच्या स्प्रिंगचा आणि तेलाचा वेगळा साठा नसलेला, होता. त्याविषयीची तक्रार एवढीच की लांब आणि खडकाळ उतार अर्धा संपेपर्यंत त्याचा रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत उघडणे, वेगवान होऊ लागे आणि मागचे चाक दगडांवरून उसळू लागे. याचे कारण सरळ आहे. डॅम्पर चाकाच्या हालचालीची ऊर्जा तेलाला बारीक वाटांतून ढकलून खर्च करतो, आणि ती ऊर्जा उष्णतेत बदलते. तेल तापले की ते पातळ होते आणि त्याच वाटांतून अधिक सहज निसटते. शिवाय एअर कॅनमधली हवाही तापून तिचा दाब वाढतो, म्हणजे ढकलणारा जोर वाढतो आणि रोखणारा कमी होतो. इनलाइन शॉकमध्ये तेल मुळातच थोडे असते, म्हणून त्याचे तापमान लवकर चढते.

तरीही नव्या शॉककडे वळण्याआधी जुन्याची सर्व्हिस करावी, असे माझे ठाम मत आहे. रॉकशॉक्स ही उत्पादक कंपनी आपल्या शॉकच्या एअर कॅनची सर्व्हिस साधारण 50 तासांनी आणि डॅम्परची 200 तासांनी करायला सांगते; फॉक्सचा आकडा 125 तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असा आहे. सुकलेले सील, मळलेले तेल आणि फ्रेमच्या पिव्हटमधली गंजलेली बेअरिंग यांमुळे उत्तम शॉकही मठ्ठ वाटतो, आणि असा मठ्ठपणा नवा शॉक विकत घेऊन घालवणे हा फार महागडा उपाय झाला. माझ्या शॉकची सर्व्हिस झाल्यावर लहान दगडांवरची संवेदना बरीच परतली. उतारावरचे तापणे मात्र होते तसेच राहिले, कारण तो दोष झिजेचा नव्हता, तेलाच्या मर्यादित साठ्याचा होता.

मापांचा भाग थोडक्यात सांगता येतो. शॉकचे माप दोन आकड्यांनी सांगतात: दोन्ही टोकांच्या छिद्रांच्या मध्यांतील अंतर आणि स्ट्रोक. 2016 मध्ये मेट्रिक मापे आल्यापासून ते वाचणे सोपे झाले आहे. माझे माप 230 गुणिले 60 आहे. ज्या फ्रेममध्ये शॉकचे वरचे टोक ट्रनिअन पद्धतीने, म्हणजे शॉकच्या अंगातच दोन्ही बाजूंनी बोल्ट लावून बसते, तेथे त्याच स्ट्रोकसाठी लांबी 25 मिमी कमी असते. 230 च्या जागी 205. लांबी बदलण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण त्याने बॉटम ब्रॅकेटची (पेडलच्या अक्षाची) उंची आणि हेड अँगल (फोर्कचा कल) दोन्ही बदलतात. स्ट्रोकच्या बाबतीत मात्र मोह होतो. 230 लांबीत 65 मिमी स्ट्रोकचाही शॉक मिळतो, आणि माझ्या रेशोने त्या 5 मिमींचे चाकाकडे सुमारे 12 मिमी होतात. पण ते वाढीव ट्रॅव्हल फ्रेमच्या आराखड्यात धरलेले नसते. पूर्ण दबलेल्या स्थितीत टायर सीट ट्यूबला लागणे किंवा लिंकेज फ्रेमवर आपटणे शक्य असते, आणि उत्पादकाने परवानगी दिलेली नसेल तर वॉरंटीचाही प्रश्न येतो. मी 60 वरच राहिलो.

आता कॉइल (धातूची स्प्रिंग) की एअर (हवेची स्प्रिंग), हा ज्यावर सर्वांत जास्त बोलले जाते तो प्रश्न. कॉइलचे गुण खरे आहेत. हवेचा दाब धरून ठेवणारे घट्ट सील त्यात नसल्याने घर्षण कमी असते, त्यामुळे चाक बारीकसारीक खडबडीतपणालाही लगेच प्रतिसाद देते, आणि उष्णतेने स्प्रिंगचा जोर बदलत नाही. मी माझ्यासाठी स्प्रिंगचा हिशेबही केला होता. बसल्या स्थितीत मागच्या चाकावर 50 किलो भार धरला, तर 2.5 च्या रेशोने शॉकवर 125 किलो भार येतो. सॅग, म्हणजे नुसत्या स्वाराच्या वजनाने शॉक जितका दबतो ते, 60 मिमी स्ट्रोकच्या 30 टक्के धरली तर 18 मिमी. 125 ला 18 ने भागले की दर मिमीला सुमारे 6.9 किलो मिळतात, आणि 1 किलो प्रति मिमी म्हणजे 56 पौंड प्रति इंच असल्याने उत्तर 389, म्हणजे बाजारातली 400 ची स्प्रिंग. हिशेब इथे सुटतो, अडचण पुढे सुरू होते. कॉइल स्प्रिंगचा जोर स्ट्रोकभर एकाच दराने वाढतो. शेवटाकडे जो अधिकचा प्रतिकार हवा असतो तो फ्रेमने पुरवावा लागतो. माझी फ्रेम तो फारसा पुरवत नाही. अशा फ्रेमवर उडी घेतली की शॉक तळाला लागतो, आणि ते टाळण्यासाठी 450 किंवा 500 ची स्प्रिंग घातली तर ज्या मऊपणासाठी कॉइल घ्यायची तोच नाहीसा होतो. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसवणे, वाढवून हे साधेल असे काहींना वाटते. प्रीलोडने सॅग कमी होते, स्प्रिंगचा दर तोच राहतो.

आणखी एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. काही फ्रेममध्ये शॉकचे एक टोक थेट लिंकेजला न जोडता लांब योकला, म्हणजे मधल्या जोडभागाला, जोडलेले असते. त्या लांबीमुळे शॉकच्या दांड्यावर बाजूचा ताण येतो, आणि कॉइल शॉकचा दांडा एअर शॉकच्या रुंद कॅनइतका आधार मिळालेला नसल्याने तो वाकू किंवा तुटू शकतो. अशी फ्रेम असेल तर उत्पादकाने कॉइलला मान्यता दिली आहे का, हे आधी पाहावे.

एअर स्प्रिंग मात्र दबत जाईल तशी आपोआप कडक होते, आणि आत हवेची जागा कमी करणारे व्हॉल्यूम स्पेसर टाकून तो कडकपणा हवा तितका वाढवता येतो. माझ्या सरळ रेषेतल्या फ्रेमला हाच जोडीदार योग्य होता. म्हणून मी एअर शॉकच घेतला, पण बाजूला तेलाचा वेगळा साठा असलेला, म्हणजे पिगीबॅक प्रकारातला. वजन थोडे वाढले. वजनाच्या चिंतेने अनेक जण इनलाइनवरच अडून बसतात, ते मला पटत नाही. हे वजन सायकलच्या मध्यभागी आणि खाली असते, आणि मागच्या चाकाप्रमाणे ते प्रत्येक दगडावर वर-खाली उचलावे लागत नाही.

खरेदीच्या वेळी कमी चर्चिला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक असलेला भाग म्हणजे ट्यून. डॅम्परच्या पिस्टनवर पातळ लवचीक चकत्यांची रचना असते, तिला शिम स्टॅक म्हणतात, आणि तेल त्या चकत्या वाकवून पुढे जाते. किती चकत्या, किती जाडीच्या, यावर शॉकचा मूळ स्वभाव ठरतो. बाहेरचे नॉब त्या स्वभावाच्या आसपासच फेरफार करतात. सायकलसोबत आलेला शॉक बहुधा त्या फ्रेमसाठी ट्यून केलेला असतो, तर सुटा विकला जाणारा शॉक मधल्या मापाच्या फ्रेम आणि मधल्या वजनाचे स्वार डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो. रेशो 3 च्या आसपास असेल किंवा स्वार फार हलका वा फार वजनदार असेल, तर सर्व्हिस केंद्राकडून ट्यून बदलून घेणे हे वरच्या श्रेणीचा शॉक घेण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. 2.5 चा रेशो आणि मध्यम वजन यांमुळे मला मध्यम ट्यून चालून गेला.

बसवण्याचे काम सोपे असते, फक्त बुश आणि त्यांच्या स्पेसरची रुंदी फ्रेमशी अचूक जुळायला हवी आणि बोल्ट उत्पादकाच्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने आवळायला हवेत. हवा भरण्याआधी मात्र एक तपासणी चुकवू नये: शॉक रिकामा ठेवून मागचे चाक हाताने पूर्ण वर नेऊन पाहावे, म्हणजे पिगीबॅक डाउन ट्यूबला, बाटलीच्या पिंजऱ्याला किंवा लिंकेजला कोठे घासत नाही ना ते कळते.

हवा भरताना एकदम पूर्ण दाब गाठू नये. थोडी हवा भरावी, शॉक सावकाश काही वेळा दाबावा, पुन्हा भरावी. कारण धन (शॉक उघडणाऱ्या हवेचा) आणि ऋण (तिला उलट तोलणाऱ्या हवेचा) या कक्षांतला दाब स्ट्रोकच्या सुरुवातीजवळच्या एका लहानशा वाटेतून समान होतो. सॅग बसली की त्यानंतर रिबाउंड. तो फार मंद ठेवला तर सलग दगडांवर शॉक पूर्ण उघडण्याआधीच पुढचा धक्का येतो आणि तो खाली खाली बसत जातो, त्यामुळे सायकल कडक वाटते. लोक मग हवा कमी करतात आणि प्रश्न वाढवून ठेवतात. कॉम्प्रेशनच्या, म्हणजे दबण्याला होणाऱ्या रोधाच्या, नॉबवरचे लो स्पीड आणि हाय स्पीड हे शब्द शॉकच्या दांड्याच्या वेगाविषयी आहेत, सायकलच्या वेगाविषयी नाहीत. पेडल मारणे, ब्रेक लावणे आणि वळणात शरीर झुकवणे यांनी दांडा हळू सरकतो. चौकोनी कडेचा दगड लागला की तो वेगाने सरकतो, मग सायकल चालण्याच्या गतीने जात असली तरी. केन क्रीक कंपनीने ओहलिन्स कंपनीच्या सहकार्याने आणलेल्या डबल बॅरल या शॉकपासून कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्हींचे लो व हाय स्पीड, असे चारही नॉब बाहेर आले. ते हाती असणे चांगलेच, पण एका फेरीत एकच नॉब फिरवावा आणि पूर्ण बंद स्थितीपासून किती क्लिक उघडले ते लिहून ठेवावे, नाहीतर काय कशामुळे बदलले हे कधीच कळत नाही.

लांब उतारावर रिबाउंड आता शेवटपर्यंत सुरुवातीसारखाच राहतो, आणि दगडांमध्ये ब्रेक लावला तरी मागचे चाक जमीन सोडत नाही. एक व्हॉल्यूम स्पेसर वाढवल्यावर तळाला लागणे जवळजवळ थांबले. चढणीवर फरक पडला नाही, आणि तो पडेल अशी अपेक्षाही नव्हती. लांब चढणीसाठी शॉक कडक करणारा लीव्हर आहेच. नवा प्रश्न पुढे उभा राहिला आहे. मागचे चाक शांत झाल्यामुळे त्याच उतारावर फोर्कचा रिबाउंड आता मंद जाणवतो, जो पूर्वी ठीक वाटत असे. तो दोन क्लिकने उघडला आहे, आणि फोर्कचा दाब तसाच ठेवून सध्या तेवढेच तपासतो आहे.