ग्रीन गेट की पर्पल गेट?

आमच्या ऑफिसात फोन आला की "कुठून उचलायचं?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "बोट कुठली आणि गेट कुठलं?" समोरच्याला वाटतं, बाई फारच चौकश्या करते. करते खरी. का करते ते पुढे सांगते.

घोडपदेवला एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर बारा बाय दहाची खोली, हे आमचं ऑफिस. तीन इनोव्हा, एक अर्टिगा, एक टेम्पो ट्रॅव्हलर, सहा ड्रायव्हर, मी आणि अर्धा दिवस येऊन जीएसटीची बिलं करणारा भाचा. काम एकच. मुंबईतल्या हॉटेलातून माणसं आणि त्यांच्या बॅगा उचलायच्या आणि बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलला वेळेत सोडायच्या. बोट परतली की तिथून पुन्हा हॉटेलला, नाहीतर विमानतळाला. मधल्या दिवसांत लग्नाची, देवदर्शनाची भाडी घेतो, पण घर चालतं ते बोटीवर.

आमच्या घराला गोदी नवीन नाही. आजोबा गोदी कामगार. आज जिला इंदिरा गोदी म्हणतात ती तेव्हा अलेक्झांड्रा डॉक होती आणि आजोबांच्या तोंडी 'अलेक्झांडर'. विलायतेच्या बोटी बॅलार्ड पिअरला लागायच्या आणि धक्क्यालगतच बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन होतं. बोटीतून उतरलेला साहेब तिथूनच रेल्वेत बसून थेट पेशावरपर्यंत जायचा. हे सगळं मी फक्त ऐकलेलं. बघितली ती बाबांची काळीपिवळी पद्मिनी आणि बॅलार्ड इस्टेटमधला त्यांचा स्टँड. बाबांची एक सवय होती. गोदीच्या गेटवर कुणाला सोडलं की ते लगेच निघायचे नाहीत. इंजिन बंद करायचे, विडी पेटवायचे आणि माणूस आत गेलेला दिसेपर्यंत उभे राहायचे. स्टँडवरचे हसायचे. तेवढ्यात एक भाडं झालं असतं, म्हणायचे. झालंही असतं.

मी फोर्टात एका टूरच्या ऑफिसात बारा वर्षं बुकिंग सांभाळलं. दुसऱ्यांच्या गाड्या ठरवून देता देता २०१२ मध्ये बाबांच्या जोरावर आणि पतपेढीच्या कर्जावर एक जुनी टवेरा घेतली. बाबांची पद्मिनी टॅक्सीच्या वयोमर्यादेत निघाली होती. ते म्हणाले, "परमिटची पिवळी पाटी असेल तरच गाडीला हात लावीन." पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीने भाडं मारणारे तेव्हाही होते, आजही आहेत, आणि ते आमच्यापेक्षा स्वस्त पडतात. गेटवर पोलिसांनी अडवलं तर उतारूला बॅगा घेऊन फुटपाथवर उभं राहावं लागतं, हे त्या स्वस्ताईत कुणी सांगत नाही.

पहिली चार वर्षं विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते विमानतळ, एवढंच. मग डिसेंबर २०१६ मध्ये कोस्टा कंपनीचं निओक्लासिका हे जहाज मुंबईहून कोचीन आणि मालदीवच्या फेऱ्या करू लागलं. ऐन नोटबंदीत. कुलाब्याच्या हॉटेलातले परदेशी पाहुणे एटीएमच्या रांगेत तासभर उभे राहून रिकाम्या हाताने परत यायचे, आणि आम्ही त्यांना उधारीवर गेटपर्यंत सोडायचो. एकानेही बुडवलं नाही. कुणी युरो दिले, कुणी घरी पोचल्यावर बँकेतून पाठवले.

पहिल्याच आठवड्यात बॅगांनी धडा शिकवला. बुकिंग होतं 'चार माणसं, इनोव्हा'. गाडी दारात उभी राहिली आणि बेलबॉयने ट्रॉली आणली. आठ मोठ्या बॅगा, दोन टोप्यांचे गोल डबे आणि एक व्हीलचेअर. विमानाला वजनाची मर्यादा असते, म्हणून माणूस हात आखडून भरतो. बोटीला निघालेला माणूस रोज संध्याकाळचे वेगळे कपडे घेतो. मागची सीट दुमडली, तीन बॅगा कॅरिअरवर दोरीने बांधल्या, तरी एक बाई पूर्ण रस्ताभर मांडीवर डबा घेऊन बसल्या. आता इनोव्हात चारच्या वर माणसं घेत नाही. बारा सीटच्या ट्रॅव्हलरची शेवटची रांग बॅगांची. आणि फोनवर माणसं किती हे विचारल्याबरोबर बॅगा किती हेही विचारते. लोक नेहमी दोन कमी सांगतात. मी मनातल्या मनात दोन वाढवते.

आता गेटचं.

मुंबई बंदराच्या दरवाजांना रंगांची नावं आहेत. ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, ऑरेंज गेट, यलो गेट, पर्पल गेट. क्रूझ टर्मिनलला जायचं ते बॅलार्ड इस्टेटकडून, ग्रीन गेटच्या बाजूने. दोन वर्षं आमच्या गाड्या डोळे मिटून तिकडेच जात होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये आंग्रिया ही मुंबई-गोवा बोट सुरू झाली. ती सुटायची व्हिक्टोरिया गोदीतून, माझगावला भाऊच्या धक्क्याजवळच्या पर्पल गेटमधून. हे मला माहीत होतं. ड्रायव्हरच्या चिठ्ठीवर मात्र मी नुसतं 'क्रूझ, दुपार' लिहिलं.

सांगलीचं जोडपं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलाने तिकिटं काढून दिलेली. दादरच्या हॉटेलातून आमची टवेरा वेळेवर निघाली आणि वेळेवर पोचली. ग्रीन गेटला! ड्रायव्हरचा फोन आला, "ताई, इथे गोव्याची बोटच नाही म्हणतायत." माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही गेट पी. डिमेलो रोडच्याच बाजूला, तशी लांब नाहीत. पण त्या रस्त्यावर दुपारी ट्रक एकामागे एक उभे असतात आणि मधून वाट काढायला जागा नसते. मी घोडपदेवहून चालत-पळत पर्पल गेटला पोचले तेव्हा टवेरा अजून यायची होती. ती आली तेव्हा आतून बोटीचा भोंगा ऐकू आला. काकू बॅगेवर बसल्या. रडल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. काकांनी मुलाला फोन लावला आणि "हो हो, बसलो, छान आहे" असं सांगून ठेवून दिला. तो फोन मी अजून विसरले नाही.

त्या संध्याकाळी त्याच टवेराने, दुसरा ड्रायव्हर सोबत देऊन, त्यांना गोव्याला धाडलं. बोटीच्या आधी ते पणजीत होते. परतीची बोटीची दोन तिकिटं माझ्या खर्चाने काढली. तो महिना तोट्यात गेला, पण चूक माझी होती, ड्रायव्हरची नव्हती. परतीच्या दिवशी पर्पल गेटला मी स्वतः उभी होते. काकूंनी दुरूनच हाक मारली, "या वेळी गेट बरोबर आहे ना गं?"

त्या दिवसापासून आमच्या ट्रिपच्या चिठ्ठीवर स्केचपेनने रंगीत ठिपका असतो. आंग्रिया आता नाही, ठिपका आहे. आता चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर जाते, तरी हिरवा गोल टाकल्याशिवाय मी पाठवत नाही. आणि बाबांची सवय आम्ही नियम केली. पाहुण्याचा "आत गेलो" असा मेसेज येईपर्यंत गाडी हलवायची नाही. कुणाचा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहिलेला असतो, कुणाच्या तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. तेव्हा उभी असलेली गाडी लागते. ड्रायव्हरला या वेळेचे वेगळे पैसे मिळतात, नाहीतर नियम कागदावर राहिला असता.

वेळेचा हिशेब आम्ही उलटा मांडतो. बोट सुटण्याची वेळ कामाची नसते, बोर्डिंग बंद होण्याची वेळ कामाची, आणि ती कित्येक तास आधी असते. तिथून मागे मोजायचं. पवईचे पाहुणे घाटकोपरहून ईस्टर्न फ्रीवेला लागतात. जून २०१३ मध्ये तो सुरू झाला नसता तर पवईची कामं मी घेतलीच नसती. फ्रीवे उतरतो तोच पी. डिमेलो रोडला, पण नेमकं ऑरेंज गेटजवळ मरीन ड्राइव्हच्या बोगद्याचं काम चालू आहे, तिथे वीस मिनिटं हाताशी ठेवायची. बांद्र्याहून सी लिंक आणि कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हपर्यंत हां हां म्हणता येतो. मग उरलेले अडीच-तीन किलोमीटर फोर्टातले सिग्नल खातात. पुण्याहून येणाऱ्यांना अटल सेतूने फार सोपं झालंय, शिवडीला उतरून सरळ फ्रीवे.

सगळ्यात धोक्याचं हॉटेल मात्र कुलाब्याचं. जवळ आहे म्हणून. पाहुणा खिडकीतून समुद्र बघतो, गेटवेच्या बोटी बघतो आणि म्हणतो, दहा मिनिटांचा तर रस्ता, जेवून निघू. रविवारी गेटवेची गर्दी रस्त्यावर सांडली की त्या दहाची चाळीस कधी होतात कळत नाही. आमची एकही गाडी पवईहून उशिरा पोचलेली नाही. गेटची ती चूक सोडली तर दोनदा उशीर झाला, दोन्ही वेळा कुलाब्याहून.

हॉटेलांबद्दल थोडं बोलते आणि सोडून देते. ट्रॅव्हल डेस्कशी संबंध चांगले ठेवावे लागतात, कमिशन द्यावं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका मोठ्या हॉटेलने आमची एका सीझनची बिलं सात महिने अडकवली. त्या दिवाळीला ड्रायव्हरांचा बोनस मंगळसूत्र गहाण ठेवून दिला. नंतर पैसे आले, मंगळसूत्र सुटलं, त्या हॉटेलचं काम मात्र बंद केलं. आता पाहुण्याकडून निम्मे पैसे आधी घेतो, मग तो कुणाच्याही ओळखीचा असो.

मार्च २०२० मध्ये पाचच्या पाच गाड्या शिवडीला एका कंपाउंडमध्ये लावल्या. बँकेने हप्ते पुढे ढकलले, व्याज ढकललं नाही. टवेरा आणि एक इनोव्हा विकली. दोन ड्रायव्हर गुहागरकडे गावी गेले, त्यातला एक आंब्याच्या पेट्या घेऊन परत आला आणि त्याच पेट्या आम्ही गाडीतून घरोघर पोचवल्या. मे महिना तसा निघाला. बाबा त्या वर्षी गेले, कोविडने नाही, वयाने.

सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही बोट सुरू झाली आणि गिऱ्हाईकच बदललं. परदेशी पाहुणे तुरळक, आणि नाशिक, जळगाव, कोल्हापूरची कुटुंबं भरभरून. आदल्या रात्री दादरला नाहीतर फोर्टात हॉटेल, सकाळी सिद्धिविनायक, दुपारी बोट. पासपोर्टवाल्या पाहुण्यांना रस्ता सांगायचा असतो, यांना सगळंच. "दादा, बोटीत लागतं का हो?" हा प्रश्न आमच्या ड्रायव्हरांना आठवड्यातून दहा वेळा येतो. सगळ्यांच्या खिशात आवळा सुपारी असते.

आणि डबे! आठ जणांच्या कुटुंबाने पिशवीभर दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणलेली. घरचं शिजवलेलं आत नेऊ देत नाहीत, हे कळलं गेटसमोर. आजी म्हणाल्या, टाकायचं नाही. ट्रॅव्हलरचं मागचं दार उघडून पंगत बसली, बॅलार्ड इस्टेटच्या त्या दगडी इमारतींसमोर. ड्रायव्हरला चार दशम्या, पलीकडच्या पाणीवाल्याला दोन. उरलेला ठेचा माझ्याकडे आला, तो आठवडाभर पुरला. आता बुकिंगच्या मेसेजात आम्ही लिहितो की डबा हॉटेलातच संपवून निघा. तरी येतात घेऊन.

२० सप्टेंबर २०२५ ला नवीन आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर आहेत म्हणतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गाड्यांना उभं राहायला मिळालेली जागा. इतकी वर्षं आम्ही रस्त्याच्या कडेला, पोलिसाची शिट्टी ऐकत उभे असायचो. मोठी जहाजं वाढतील तसं मोठ्या कंपन्याही या कामात उतरतील. एका कंपनीचा माणूस येऊन गेला, पाचही गाड्या ड्रायव्हरांसकट त्याच्या अॅपवर लावा म्हणाला. मी विचारलं, चिठ्ठीवर ठिपका कोण टाकणार? त्याला कळलं नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, चांगले पैसे देत होता, उगाच घालवलास. असेल.

सध्याची चिंता वेगळीच. जानेवारीतला तिसरा रविवार, म्हणजे मॅरेथॉन. पहाटेपासून सीएसएमटीच्या आसपासचे रस्ते बंद, आणि त्याच सकाळी बोट परत येतेय. नाशिकची बारा माणसं, त्यातली दोघं व्हीलचेअरवर. तेव्हा ट्रॅव्हलर आणि एक इनोव्हा शनिवारी रात्रीच बॅलार्ड इस्टेटमध्ये लावायच्या, ड्रायव्हर गाडीतच झोपतील. उशा, चादरी आणि चहाचा थर्मास घेऊन साडेदहाला मी पोचवते म्हटलंय. बोट उतरली की ऑरेंज गेटवरून थेट फ्रीवे, फोर्टात शिरायचंच नाही. चिठ्ठी तयार आहे, ठिपका हिरवा.