पुरलेलं आणि पडलेलं

आपल्याकडे जमिनीतून काही निघायचं म्हणजे हंडाच निघायला पाहिजे. तोही मोहरांचा, वर नाग बसलेला. प्रत्येक गावात एक तरी घराणं असतं ज्यांच्याबद्दल "त्यांना हंडा सापडला होता" असं हलक्या आवाजात सांगतात, प्रत्यक्षात त्यांच्या आजोबांनी चोख सावकारी केलेली असते. त्यामुळे इंग्लंडात सफोकमधल्या एका शेतात मेटल डिटेक्टर घेऊन जायचं ठरलं तेव्हा आमच्यातल्या सातारकराने सगळ्यात आधी काय जाहीर केलं, तर तो पायाळू आहे. पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात (या असल्या समजुतींपायी काय काय भयंकर प्रकार झालेत, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा काही उगाच नाही आला, पण तो विषय वेगळा). इप्सविचमध्ये अंजन मिळत नाही म्हणून डिटेक्टर, असं त्याचं लॉजिक.

आम्ही तिघं, म्हणजे सातारकर, नागपूरकर आणि मी, इप्सविचच्या आसपास राहतो, आणि चौथे आमच्या ऑफिसमधून रिटायर झालेले एक इंग्लिश गृहस्थ, ज्यांना आम्ही तोंडावर काकाच म्हणतो आणि त्यांनाही आता ते आवडतं. काका वर्षानुवर्षं हे करतायत. मशिनं त्यांची, शेतकऱ्याची परवानगीपण त्यांनीच काढलेली. इथे परवानगीशिवाय कुणाच्या शेतात डिटेक्टर घेऊन शिरायचं नाही आणि संरक्षित स्मारकाच्या जागेवर तर तो नुसता चालवणंसुद्धा गुन्हा आहे. सप्टेंबरचा शेवट होता, गहू कापून झालेला, पुढची पेरणी व्हायची होती, नुसती धसकटं उभी. डिटेक्टरवाल्यांचा हाच सीझन.

मशीन चालतं कसं तर खालच्या चकतीतल्या कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडायचं, तिथे धातू असला की त्याच्यात विजेचे बारीक भोवरे तयार होतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र दुसरी कॉइल पकडते आणि आपल्या कानात पीं. लोखंडाला घोगरा आवाज, तांब्या-चांदीला खणखणीत वरचा. गंमत ही की सोन्याची पातळ अंगठी आणि कोकच्या कॅनची रिंग जवळजवळ एकच आवाज देतात, त्यामुळे खणल्याशिवाय सुटका नाही, आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा कोकच. टेलिफोनवाल्या बेलने 1881 मध्ये असलंच यंत्र घेऊन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता, आणि गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ केला म्हणतात. आमच्याकडे घोळ सातारकराच्या बुटांनी केला. सेफ्टी शूज घालून आलेला, पुढे स्टीलची टोपी, त्यामुळे चकती पायाजवळ आली की मशीन ओरडायचं आणि हा तिथेच फावडं मारायचा. काकांनी दोनदा सांगितलं, याचं म्हणणं आवाज जमिनीतूनच येतोय.

मित्रांबरोबर आउटिंग म्हटलं की आपण काय समजतो, तर गाडीत अंताक्षरी, पोचल्या पोचल्या खाणं, मग कुणाचीतरी खेचणं. इथे पोचल्यावर प्रत्येकाने कानाला हेडफोन लावला आणि माना खाली घालून चौघं चार दिशांना निघून गेलो. तासभर कोणी कोणाशी बोललं नाही. नागपूरकराला गप्प बसायचा इतका सराव नाही, तो मधूनच हेडफोन काढून लांबून "काही भेटलं का बे?" ओरडायचा आणि आपण हात हलवून नाही म्हणायचं. पण हे असं एकत्र एकेकटं फिरणं मला फार आवडलं, कुणाला करमवायची जबाबदारी नाही, आणि कुणीतरी गुडघ्यावर बसलं की बाकीचे तिघं न बोलवता तिकडे चालायला लागतात.

सापडलं काय? काडतुसांची पितळी बुडं. शिशाचे वितळलेले गोळे, मस्केटच्या दोन गोळ्या, नांगराचा तुटका तुकडा, घोड्याच्या नालेचा अर्धा भाग. कंबाइनने कापून बारीक पट्ट्या केलेले कॅन. आणि बटणं, बटणं, बटणं. चपटी, मागे कडी असलेली, काहींवर नक्षी. मला कळेना की शेतकरी काय शर्ट काढून फेकत शेती करायचे का. काका म्हणाले की पूर्वी शहरातला कचरा आणि लोकरीच्या चिंध्या खत म्हणून गाड्याच्या गाड्या शेतात टाकायचे, लोकर हळूहळू कुजते आणि जमिनीला नायट्रोजन मिळतो, कापड मातीत गेलं आणि बटणं राहिली. म्हणजे हातात घेतलेलं बटण इथल्या कुणाचं असेलच असं नाही, लंडनच्या कुठल्यातरी गल्लीतल्या माणसाच्या कोटाचंसुद्धा असू शकतं, जो माणूस सफोकला जन्मात आला नसेल.

मला एक शिशाची भोक पाडलेली जाड चकती मिळाली, काका म्हणाले चातीचं वजन, सूत कातताना चाती फिरत राहावी म्हणून खाली लावायचं. माझ्यासाठी दिवस तिथेच वसूल झाला खरं तर.

जेवायला बांधावर बसलो. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, काकांचं चीज-पिकल सँडविच त्यांनी डब्यातच ठेवलं आणि पुऱ्यांवर हात मारला. गप्पा अर्थातच हंड्यावर. 1992 मध्ये आमच्याच काउंटीत हॉक्सन नावाच्या गावी एका शेतकऱ्याची हातोडी हरवली, ती शोधायला त्याचा मित्र एरिक लॉज डिटेक्टर घेऊन आला आणि त्याला जवळजवळ पंधरा हजार रोमन नाणी, सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे असलेला खजिना लागला. थोडं काढल्यावर त्याने हात थांबवला आणि कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना उरलेलं जसं होतं तसं बघता आलं. साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं, त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडीपण सापडली, तीही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या खजिन्यात चांदीच्या चार मिरीदाण्या, म्हणजे मिरपूड ठेवायच्या डब्या आहेत, एक तर बाईच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची, आणि रोमन लोकांची मिरी यायची आपल्या मलबारातून. नागपूरकर म्हणाला, म्हणजे वाट उलटी पण आहे, आपल्या कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची ब्राँझची मूर्ती निघाली नव्हती का. निघाली होती, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. काकांना पोसायडन कोल्हापूरला कशाला गेला हे काही केल्या पटेना.

पण मला खरी पटली ती कायद्याची गोष्ट. इथे 1996 च्या आधी जुना नियम असा होता की परत येऊन काढायच्या इराद्याने पुरलेलं सोनं-चांदी असेल तरच ते सरकारचं. नुसतं खिशातून पडलेलं किंवा मेलेल्या माणसाबरोबर पुरलेलं यात येत नव्हतं. इप्सविचपासून जवळच सटन हू इथे 1939 मध्ये अख्खं जहाज आणि त्यात राजाच्या थाटाचं दफन मिळालं, तेव्हा चौकशीत ठरलं की हे पुन्हा काढायला पुरलेलंच नाही, म्हणून सगळं जमिनीच्या मालकीण इडिथ प्रिटी यांचं. त्यांनी ते देशाला देऊन टाकलं. आता इरादा कोणी विचारत नाही, जुनं सोनं-चांदी कायद्याच्या व्याख्येत बसलं की 14 दिवसांत कळवायचं, म्युझियमने घेतलं तर बक्षीस, जे बहुतेक वेळा शोधणारा आणि जमीनमालक निम्मं निम्मं घेतात. आपल्याकडे अजून 1878 चा कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर कलेक्टरला कळवा. दहा रुपये! आणि 2025 च्या मार्चमध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडला मोहरांच्या अफवेवर लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते, त्यातलं कोण कलेक्टरकडे जाणार.

तर हंडा म्हणजे कुणीतरी विचार करून लपवलेला पैसा, तो श्रीमंताचाच असणार. मला त्याच्यात फारसा रस राहिला नाही. पडलेल्या वस्तूंत आहे. पडलेली वस्तू कुणाचीही असते, आणि तिच्यामागे एक हमखास शिवी असणार, त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर खिसा चाचपून दिलेली.

चारच्या सुमाराला नागपूरकर कंटाळून मशीन नुसतं ओढत गाडीकडे निघाला होता आणि त्याच्या हेडफोनात वाजलं. सहा इंचांवर, मातीच्या ढेकळातून एक चपटं काळपट नाणं, आपल्या जुन्या रुपयाएवढं पण जाडी जवळजवळ नाहीच. काकांनी तोंडातल्या थुंकीने पुसलं. पहिल्या एलिझाबेथचा सिक्सपेन्स, राणीच्या डोक्यामागे गुलाब, मागच्या बाजूला ढालीच्या वर साल, 1572. तिघांनी एकदम हिशोब केला, महाराजांचा जन्म व्हायला अजून 58 वर्षं. काका नुसते बघत राहिले की हे तिघं इतक्या पटकन कसली वजाबाकी करतायत. एकच नाणं, त्यामुळे कायद्याने ते ट्रेझर, म्हणजे कळवायलाच हवा असा खजिना नाही, पण काकांनी फोनवर जागेचे आकडे लिहून घेतले, नाणं आणि माझी चकती दोन्ही काउंटीच्या फाइंड्स ऑफिसरला दाखवायचं ठरलं, म्हणजे त्यांच्या डेटाबेसमध्ये नोंद होते.

शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून आला, सगळं बघितलं. सिक्सपेन्स चष्मा लावून दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि नागपूरकराला म्हणाला, तूच ठेव, मला अजून मिळतील. मग कचऱ्याच्या बादलीतलं शिसं मात्र एकूण एक वेचून घेतलं, भंगाराला चांगला भाव आहे म्हणे.

पायाळू माणसाचा दिवसभराचा गल्ला म्हणजे काडतुसं, कॅन आणि शेळीच्या गळ्यातल्या घंटेसारखी दिसणारी पण घंटा नसलेली एक वस्तू. त्याने त्याच रात्री स्वतःचं मशीन ऑर्डर केलं. बूट अजून तेच आहेत.