सिनेमे, स्टँडअप आणि सव्वाशे शब्द

एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी यंदा 'अलीकडे पाहिलेलं' असा विभाग काढायचं ठरवलं आणि तो माझ्या गळ्यात घातला. सिनेमे हवेत, स्टँडअपचे स्पेशलही, म्हणजे एकाच विनोदवीराचे चित्रित केलेले अख्खे कार्यक्रमही हवेत, भयपटापासून फार्सपर्यंत काहीही चालेल. सिनेमा जुना असला तरी हरकत नाही, पाहिलेला अलीकडे असावा. प्रत्येकाला सव्वाशे शब्द. गोष्ट दोन वाक्यांच्या वर सांगायची नाही. तारे द्यायचे नाहीत. "आणि विनोद लिहून टाकायचे नाहीत हं," त्या फोनवर म्हणाल्या, "वाचकांचं हसू तुम्ही आधीच खर्च करू नका."

तारे नकोत हे मला एकदम पटलं. 'तुंबाड'ला साडेतीन आणि 'मडगाव एक्सप्रेस'ला तीन असं छापलं, तर त्या अर्ध्या ताऱ्याचा अर्थ कुणी सांगावा? एक पावसात भिजवून हावरटपणाची भीती घालतो, दुसरा तीन मित्रांची गोव्यात फजिती करतो. पण तारे गेले तरी एकाशेजारी एक छापायचंय म्हटल्यावर तुलना होणारच, आणि ती कशावरून करायची हे ठरवावं लागतं. 'पकड घेतो', 'संथ पण सुंदर', 'अभिनय दमदार' हे शब्द कुठल्याही सिनेमाला लावता येतात, म्हणून ते वहीच्या पहिल्याच पानावर लिहून त्यावर काट मारून ठेवली. हे वापरायचे नाहीत.

मार्ग सापडला तो अभिनेत्री छाया कदममुळे. २०२४ या एका वर्षात ही बाई तीन वेगळ्याच जातींच्या सिनेमांत आहे. १ मार्चला 'लापता लेडीज' आला, २२ मार्चला 'मडगाव एक्सप्रेस', आणि नोव्हेंबरमध्ये पायल कपाडियाचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट', ज्याला त्याच वर्षी कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं होतं. तिन्ही सिनेमे लागोपाठच्या रात्री घरी बसून पाहिले. नट तोच ठेवला की सिनेमाची जात काय मागते हे लख्ख दिसायला लागतं.

'लापता लेडीज'मध्ये ती मंजूमाई आहे, रेल्वे फलाटावर चहाची टपरी चालवणारी. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला घराबाहेर काढून एकटी राहिलेली. हरवलेल्या नव्या नवरीला ती चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवते, आणि त्या ऐकवताना हात कामात असतात. सिनेमा बोधाच्या अगदी काठावरून चालतो. मंजूमाई तोंड वाकडं करून बोलते म्हणून तो आत पडत नाही. 'मडगाव एक्सप्रेस'मध्ये हीच बाई कांचन कोंबडी, बायकांच्या टोळीची म्होरकी. तिथे तिला काही सुचवायचं नाही, सगळं वरच्या पट्टीत आहे. समोर उपेंद्र लिमयेचा मेंडोझा असताना हळू आवाजात अभिनय करून चालणारही नाही. कुणाल खेमूचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला सिनेमा. त्याला एक गोष्ट पक्की कळली आहे, की फार्समध्ये प्रेक्षकाला विचार करायला उसंत दिली तर खेळ संपला. दुसऱ्या भागात एकदोनदा उसंत मिळते आणि तिथे सिनेमा ढेपाळतो, हेही मी लिहिलं.

आणि मग पार्वती. 'ऑल वुई इमॅजिन'मध्ये छाया कदम मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाक करते. वर्षानुवर्षं राहत्या खोलीचा एकही कागद नावावर नाही, नवरा वारलेला, बिल्डर दाराशी आलेला. एका रात्री ती आणि इस्पितळातली नर्स प्रभा बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारतात. फार्समध्ये हाच दगड नेमका कुणाच्या तरी डोक्यात बसला असता. इथे दगड मारून झाल्यावर दोघी हसतात, आणि ते हसू त्या दोघींचंच राहतं, आपल्याला त्यात कुणी बोलावत नाही. पुढे सिनेमा रत्नागिरीकडे जातो. मुंबईने कोकणातून माणसं नेली ते किती वेळा पाहिलं आहे. मुंबईने नको म्हटल्यावर परत येऊन बंद घराचं दार उघडणारी बाई मात्र पडद्यावर फार कमी दिसते. माझे सव्वाशे शब्द सगळे तिथे गेले. प्रभा झालेली कनी कुसृती आणि दुसरी नर्स झालेली दिव्या प्रभा यांच्या वाट्याला एकच वाक्य आलं, हा त्यांच्यावर अन्याय झाला, पण जागा तेवढीच होती.

परेश मोकाशींच्या 'वाळवी'ने वेगळी पंचाईत केली. नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोचा काटा काढायचं ठरवतात, आणि तो खून आत्महत्या वाटावा अशी योजना असते. यापुढचं एक वाक्यही लिहायची सोय नाही. मग मी लिहिलं ते वस्तूंबद्दल: या सिनेमात कुठली वस्तू कुठे ठेवली आहे याकडे लक्ष ठेवा, पात्रं खोटं बोलतात, वस्तू बोलत नाहीत. रहस्यपटाबद्दल याहून जास्त सांगणारा माणूस मला शेजारी नको असतो. 'तुंबाड' मी २०२४च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा थिएटरला लागला तेव्हा पाहिला होता. २०१८मध्ये आला तेव्हा फारसा टिकला नव्हता, या खेपेला त्याने पहिल्यापेक्षा जास्त पैसे मिळवले. भरलेल्या थिएटरात आजूबाजूची माणसं एकदम गप्प होतात तेव्हा भयपटाची परीक्षा होते. घरी टीव्हीवर, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना पाहिलेल्या भयपटावर मत देऊ नये, असं मला वाटतं.

खरी दमछाक स्टँडअपने केली.

सिनेमाबद्दल लिहिताना छायाचित्रण आहे, संकलन आहे, आवाज आहे, कशाच्याही आडोशाला जाता येतं. स्टँडअपमध्ये एक माणूस, एक माइक. तो काय म्हणाला ते सांगायचं नाही, कारण संपादकबाईंची अट. आणि खरं तर ती अट नसती तरी सांगून उपयोग नव्हता. ऐकलेला विनोद दुसऱ्याने लिहून दाखवणं म्हणजे कुणीतरी खाल्लेल्या मिसळीचं बिल वाचणं. मग लिहायचं काय? "खूप हसलो" हे तर काट मारलेल्या शब्दांहून वाईट. मी एकटा, खोलीत, हेडफोन लावून पाहत होतो, त्यामुळे पुष्कळदा हसलोही नव्हतो, नुसती मान हलवली होती.

मग प्रत्येक स्पेशल दोनदा पाहायचा ठरवला. पहिल्यांदा वही बंद. दुसऱ्यांदा विनोदाकडे लक्ष द्यायचं नाही, फक्त दोन गोष्टी टिपायच्या: हशा कुणाच्या जिवावर पिकतोय, आणि तो पिकण्याआधी कलाकार किती वेळ थांबतो. विनोद आधीच माहीत असल्यामुळे दुसऱ्या खेपेला ही यंत्रणा उघडी दिसते.

झाकीर खानचा 'तथास्तु' या पद्धतीने फार खुलला. इंदूरचं एकत्र कुटुंब, सारंगिये आजोबा, घरातली शिस्त आणि पोराचं भटकणं. झाकीर थांबतो ते लोकांनी हसावं म्हणून, असं पहिल्यांदा वाटलं होतं. दुसऱ्या वेळी दिसलं की हसणं ओसरून लोक गप्प होईपर्यंत तो वाट पाहतो आणि मग आजोबांकडे वळतो. मैफलीत विस्तार कुठे थांबवायचा हे घरातच कानावर पडलेलं असणार. शेवटाकडे भावना जरा जास्त पिळल्या आहेत, हे माझं मत, आणि आईला ते मुळीच मान्य नाही. ती म्हणाली, "अरे, त्याच्या आजोबांची गोष्ट आहे, रडेल नाहीतर काय करेल?" आईचं वाक्यही लेखात घातलं.

अमेरिकन विनोदवीर बो बर्नहॅमचा 'इनसाइड' २०२१चा. महामारीच्या काळात एका खोलीत एकट्याने लिहिलेला, चित्रित केलेला, कापलेला. इथे माझी वही निम्मी निकामी झाली, कारण समोर प्रेक्षकच नाहीत. हशा कुठे येतो हे टिपायला हशाच नाही. गाणी आहेत, दिवे आहेत, वाढत जाणारी दाढी आहे, आणि तिशी पूर्ण व्हायची वाट पाहणारं घड्याळ आहे. हा विनोदी कार्यक्रम आहे का, असं आईने मध्येच विचारलं. मी हो म्हणालो, पण लेखात तो विनोदाखाली टाकावा की सिनेमाखाली, यावर संपादकबाईंशी बराच वेळ बोलणं झालं. शेवटी दोन्हींच्या मधल्या पानावर गेला.

सगळ्यात जास्त खाडाखोड झाली ती हॅना गॅड्सबींच्या 'नॅनेट'वर. २०१८मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला, सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये चित्रित झालेला. गॅड्सबी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या, जिथे समलैंगिकता १९९७पर्यंत गुन्हा होता. मंचावर उभं राहून त्या विनोदाची रचनाच प्रेक्षकांना समजावतात: मी तुम्हाला ताण देते, मग मीच तो सोडवते, आणि हे माझं काम आहे. विनोदाला दोन भाग पुरतात, गोष्टीला मात्र सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही लागतात, म्हणून विनोद करताना मला माझ्या गोष्टींचे शेवट कापावे लागले, असं त्या म्हणतात. सुरुवातीला सांगितलेला एक किस्सा, ज्यावर सगळं सभागृह हसलेलं असतं, तो पुढे पुन्हा येतो आणि या वेळी शेवटासकट येतो. तो शेवट मी लिहिला नाही. एवढंच लिहिलं की पहिल्या वेळी तुम्ही हसला असाल तर दुसऱ्या वेळी ते आठवेल. ही ओळ गॅड्सबींना न्याय देणारी आहे की नुसती चतुर आहे, याची खात्री अजून नाही.

मराठी स्पेशल कुठले घ्यायचे, यावर जरा अडलं. आपल्याकडे 'भाडिपा' या यूट्यूब वाहिनीसारख्या मंडळींमुळे मराठी स्टँडअपला प्रेक्षक मिळाला, तरी मी पाहिलं ते बहुतेक यूट्यूबवरच्या छोट्या तुकड्यांत. तुकड्यावर सव्वाशे शब्द लिहिणं जड जातं. म्हणून लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ध्वनिचित्रफितीवर पुन्हा पाहिलं. एकटा माणूस, ५२ पात्रं, औरंगाबादकडची बोली. आजच्या स्टँडअपमध्ये कलाकार 'मी' असतो. इथे 'मी' जवळजवळ नाहीच, सगळं वऱ्हाडच मंचावर. हशा कुणाच्या जिवावर, या माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे छान मिळालं: गावाच्या जिवावर, पण सांगणारा गावातलाच. काही जागा आता कालबाह्य वाटतात, विशेषतः बायकांच्या तोंडच्या. तरी खांद्यावरचं उपरणं इकडचं तिकडे झालं की माणूस बदलतो, ते पाहताना वही बाजूला राहिली.

या सगळ्या टिपणांचा परिणाम असा झाला की चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' पुन्हा पाहिला तेव्हा तो मला विनोदी सिनेमा वाटला. खटला मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराचा, आरोपी लोकशाहीर नारायण कांबळे, आणि ती भूमिका करणारे वीरा साथीदार २०२१मध्ये गेले. यात विनोदी काय? पण सरकारी वकीलबाई घरच्यांना घेऊन मराठी नाटकाला जातात तो प्रसंग आठवा. परप्रांतीयाची टिंगल चालली आहे, सभागृह खदखदतंय, आणि कॅमेरा थंडपणे बघत बसलाय. गीतांजली कुलकर्णींची ती बाई दुष्ट नाही, भाजी निवडणारी, मुलाला घेऊन घरी येणारी. हशा कुणाच्या जिवावर, हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं काही माझ्या यादीत नव्हतं. शेवटी न्यायालयातले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो, आपण उठायला लागतो, आणि सिनेमा न्यायाधीशांच्या सुट्टीवर जातो. कधी थांबायचं आणि कधी थांबल्यासारखं करायचं, हे टायमिंग कुठल्याही स्टँडअपवाल्याने शिकावं.

मजकूर ऑगस्टअखेर द्यायचा होता. पण रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' २०२५च्या १९ सप्टेंबरला लागणार होता. त्याच वर्षी जानेवारीत सनडान्सला जागतिक कथापटांचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलेला हा मराठी सिनेमा सोडून विभाग छापायला संपादकबाई तयार नव्हत्या. "जागा मोकळी ठेवते, पण उशीर करू नका," म्हणाल्या. पुण्याला जाऊन पाहिला, परतीच्या एसटीत लिहिला. वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा आईबरोबर गावी येतो, दहा दिवसांचं सुतक, लग्नाचं विचारणारे नातेवाईक, आणि शेतात राबणारा बालमित्र. दोघा पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे आणि आवाज कुठेही चढत नाही. मला जास्त भावली ती आई. तिला सगळं माहीत आहे, आणि नातेवाइकांसमोर ती मुलासाठी सफाईने खोटं बोलते. एवढं लिहूनच शब्द संपले. प्रेमकथेबद्दल लिहायचं राहिलं असं फोनवर म्हणालो, तर बाई म्हणाल्या, "आई लिहिलीत ना, मग झालं."

अंक आला. ओळखीतल्यांचे फोन आले, आणि माझ्या हशाच्या टिपणांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांचे प्रश्न दोनच: हे कुठे बघायला मिळेल, आणि घरच्यांसोबत बघता येईल का. पुढच्या वेळी प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर या दोन गोष्टी लिहून टाकायच्या. आत्याने मात्र तिसरं विचारलं, की ही छाया कदम आणखी कशात आहे. 'फँड्री'तली आई तीच, असं सांगितल्यावर तिने तो लगेच लावून घेतला. 'मडगाव एक्सप्रेस' तिने शिव्या फार म्हणून बंद केला होता. कांचन कोंबडी येईपर्यंतही थांबली नाही.