तो काय विचारत होता

झोप येत नाही म्हणून लिहितेय. अंबडहून निघायला उशीर झाला, पाथर्डी फाट्यापर्यंत बोटं गारठली, आणि डोक्यात तेवढंच: तो बंद पाडलेला प्रोग्राम काय विचारत होता?

संध्याकाळी हिशेबाचा प्रोग्राम मध्येच थांबला. दादांनी प्रोसेसची यादी पाहिली. पुढे ‘एस’, म्हणजे झोपलेला, सीपीयू शून्य. “लटकलाय, मारतो.” मी म्हटलं, थांबा ना दादा, बघू द्या. त्याला एसट्रेस लावला, म्हणजे प्रोग्राम सिस्टिमकडे काय मागतोय ते दाखवणारं साधन. एकच ओळ आली: रीड, कंस, शून्य, स्वल्पविराम. पुढे काही नाही. कंससुद्धा मिटलेला नाही, कारण ते वाचणंच संपलं नव्हतं. शून्य म्हणजे इनपुट. तो कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबला होता. हे दादांना सांगेपर्यंत तिकडून किल गेलंही होतं.

आणि प्रश्नही गेला. समोर टर्मिनल, म्हणजे माणूस टाइप करतो ती खिडकी, असलं की प्रोग्राम विचारायचं ते लगेच दाखवतो. आमच्याकडे तो रात्रीच्या स्क्रिप्टमधून, पाइपला, म्हणजे एकाचं आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामला पोचवणाऱ्या नळीला, जोडून चालतो. पाइप दिसला की सी भाषेची लायब्ररी अक्षरं बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठवते, ४०९६ बाइट भरले की मगच पुढे ढकलते. एका ओळीच्या प्रश्नाने एवढं कुठे भरायला! त्याने विचारलं असणार, पण ते त्याच्याच पोटात राहिलं, आणि मारल्यावर बफरही संपला. नंतर पुन्हा चालवला तर काही न विचारता सुरळीत पार पडला. याचंच जास्त वाईट वाटतंय.

रात्री थांबायला मी चालते, लॉग चाळायला मी चालते, पण मिनिटभर थांबा म्हटलं तर कुणी थांबत नाही. नेहमीचंच आहे हे. वहिनींनी जागेचा विषय काढला तेव्हाही… ते आज नको.

पण दादांना तरी बाहेरून काय दिसत होतं? नेटवर्कची वाट पाहणारा ‘एस’, टायमरवर झोपलेला ‘एस’, उत्तरासाठी ताटकळणारासुद्धा ‘एस’. माझी ती ओळ तरी पुरावा होती का? शून्याला पाइप जोडलेला, म्हणजे तो माणसाची नाही, आधीच्या प्रोग्रामची वाट पाहत असू शकतो. काही प्रोग्राम रीडवर थांबतच नाहीत. पोल लावून कीबोर्ड आणि नेटवर्क दोन्हीकडे कान देतात; त्यातलं त्यांना नेमकं काय हवंय, हे कर्नललाही, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यालाही, माहीत नसतं. बॅकग्राउंडला टाकलेल्या प्रोग्रामने टर्मिनलवरून वाचायचा प्रयत्न केला तर मात्र कर्नल त्याला थांबवतो आणि शेल, म्हणजे आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, तसं सांगतो. तेवढी एक जागा सोडली तर सगळा अंदाज. डॉन लिब्ज यांनी १९९० साली एक्स्पेक्ट लिहिलं, प्रोग्रामच्या प्रश्नांना माणसाऐवजी आपोआप उत्तरं देणारं साधन; तेही ‘हा थांबलाय का’ हे ओळखत नाही. ठरलेली अक्षरं दिसतात का बघतं, आणि १० सेकंदांत दिसली नाहीत तर पुढे जातं. इतक्या अनुभवी माणसानेही शेवटी घड्याळच लावलं. मग मी दादांवर किती रुसायचं?

उद्या ती स्क्रिप्ट सूडो-टर्मिनलवर बसवते. आपल्यासमोर टर्मिनल आहे असं प्रोग्रामला वाटलं की तो प्रश्न दाबून ठेवणार नाही. तो थांबलाय की काम करतोय हे तरीही खात्रीने कळायचं नाही, पण काय विचारतोय ते लॉगमध्ये उतरेल. आणि किल करण्याआधी लॉगची शेवटची ओळ वाचायची, हे दादांना सकाळी चहाच्या आधीच सांगणार आहे.