सौजन्य

आमच्या खाडीकाठच्या पोलीस ठाण्याचे आठ कॅमेरे मी बसवले, गेल्या मार्गशीर्षात. पैसे सरकारचे नव्हेत. बाजारातले व्यापारी, मुंबईकर मंडळ आणि एक चिरेखाणवाले शेठ, अशी वर्गणी. शेठचा वाटा निम्म्याहून जास्त, म्हणून गेटवरच्या फलकावर 'सौजन्य'खाली त्यांचं नाव सगळ्यांत मोठं. ठाणं कुठलं ते विचारू नका, रत्नागिरी जिल्ह्यातलं एवढं पुरे.

कॅमेरा लावायचा म्हणजे भिंतीला चार भोकं, असं लोकांना वाटतं. इथली भिंत जांभ्याची. साधा प्लग ठोकला की चिऱ्याचा भुगा होतो आणि प्लग हातात येतो. मी भोक मोठं पाडून सिमेंट भरतो, दोन दिवस थांबतो, मग स्क्रू. डबे पीव्हीसीचेच, पत्रा इथे टिकत नाही. आणि जोड! खाऱ्या वाऱ्याने कनेक्टर हिरवा पडतो, चित्रावर लाटा येतात. म्हणून प्रत्येक जोडाला ग्रीस, वर रबरी टेप, आणि वायर जोडाच्या आधी खाली वाकवलेली, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं. कातळात अर्थिंगला ओल मिळेना, तर विहिरीकडेला मीठ-कोळशाचा खड्डा केला. वैशाखात वीज कडाडली, आजूबाजूचे टीव्ही गेले. ठाण्यातलं यंत्र चालू.

यादीतली खोट मात्र तेव्हाच दिसली होती. गेट, नाका, जेटी, बाजार, सगळीकडे कॅमेरा. कोठडीच्या बोळात नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगून ठेवलंय, ठाण्याचा कुठलाच भाग सुटता कामा नये, कोठडी आणि बोळसुद्धा, आणि चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी ठेवा. वर्गणीत बसली २ टीबीची डिस्क. तीन आठवडे झाले की जुनं पुसून त्यावर नवं. कोठडीसाठी वर्गणी कोण देतो? तिथे फलक कुणाला दिसणार?

नारळ फुटला, पेढे वाटले, मग शेठ म्हणाले, "माझ्या मोबाईलवर येईल ना रे?" मी साहेबांकडे बघितलं. "देऊन टाक, त्यांनीच तर केलंय सगळं." दोन मिनिटांचं काम. दिलं.

परवा डिस्क तपासायला गेलो होतो. पावसाच्या तोंडावर खाणवाल्यांची घाई, रात्रभर ट्रक. वाडीतल्या एक काकी आल्या. ट्रकने त्यांचा कुंपणाचा गडगा पाडलेला, पायवाटेची पाखाडी उखडलेली. ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहायला पेन शोधत होते तोवर काकींचा फोन वाजला. मुलगा. तो त्याच खाणीवर कामाला आहे. "आई, तू चौकीत कशाला गेलीस? शेठ विचारतायत."

काकींनी पिशवी उचलली. "गणपती होऊंदेत, मग बघू," म्हणाल्या आणि गेल्या.

"वाटेत बघितलं असेल कुणी," अंमलदार म्हणाले. मी बाहेर येऊन गेटवर बघितलं. चित्र एवढं स्वच्छ की चेहरा ओळखू येतो. मीच अँगल लावलाय.

उभ्या उभ्या शेठचं शेअरिंग काढलं, पासवर्ड बदलला. साहेबांना सांगितलं नाही. काकींच्या घरीही गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो?

संध्याकाळी शेठचा फोन. "दिसत नाही रे काही."

"खारा वारा, शेठ. जोड गेला असेल."

"मग बदल की. पैसे माझ्याकडून घे."

शनिवारी बोलावलंय. माझे जोड वर्षाच्या आत जात नाहीत, हे शेठना ठाऊक आहे. उद्घाटनाला माईक हातात घेऊन मीच सांगितलं होतं.