दहा लाख अक्षरं लांबचा दोष

फाइल आमच्याकडे आली ती आधीच्या लॅबचा शेरा घेऊन: ‘एक्झोम निगेटिव्ह’. आजोबा, वडील, मुलगी, तिघांनाही अंगठ्याच्या बाजूला जादा बोट. मुलीच्या अंगठ्याला तर दोनऐवजी तीन पेरं. एक्झोम तपासणीत जीनोमचा, म्हणजे माणसाच्या डीएनएच्या संपूर्ण मजकुराचा, जेमतेम दोन टक्के भाग वाचला जातो, प्रथिनं घडवणारा. उरलेलं पाहिलंच नव्हतं, हे त्या कुटुंबाला कुणी सांगायला नको? मला याचा अजून राग येतो.

पूर्ण जीनोम करून घेतला. एका माणसात चाळीस-पन्नास लाख फरक निघतात आणि इंट्रॉनमधल्या (जनुकातल्या, प्रथिन न घडवणाऱ्या तुकड्यांमधल्या) फरकांना सॉफ्टवेअर सगळ्यात खालचा दर्जा देतं. मी त्या यादीच्या वाटेला गेलोच नाही. तीन पेरांचा अंगठा दिसला की सरळ ७ व्या गुणसूत्रावर जायचं. तिथे एलएमबीआर१ जनुकाच्या पाचव्या इंट्रॉनमध्ये झेडआरएस हा सुमारे आठशे अक्षरांचा तुकडा आहे. ज्या जनुकात तो बसलाय त्याचा बोटांशी संबंध नाही. तो चालवतो सॉनिक हेजहॉगला, दहा लाख अक्षरं पलीकडच्या, हातापायांची घडण ठरवणाऱ्या जनुकाला. या तुकड्यातल्या बिघाडाने जादा बोट येतं, हे एडिंबरोच्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं. पुढे २०१६ मध्ये अजगराचं झेडआरएस उंदरात बसवून पाहिलं, तर पायांचे नुसते खुंट राहिले. इतकं सगळं त्या आठशे अक्षरांवर!

आयजीव्हीत, म्हणजे डीएनएचे वाचन डोळ्यांनी पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ती जागा उघडली. रीड्सच्या (वाचलेल्या छोट्या तुकड्यांच्या) थप्पीत निम्म्या ओळींत जी, निम्म्यांत ए, म्हणजे दोन प्रतींपैकी एकीत अक्षर बदललेलं. तिघांतही तेच. आजी आणि काकांचे हात साधे, त्यांच्यात नाही. नोमॅड या लाखो लोकांच्या डीएनए-फरकांच्या संग्रहातही कुठे नाही.

तरी रिपोर्टात ‘कारण सापडलं’ असं लिहिता येईना. नेमकं हेच अक्षर बदलल्याची नोंद आधी कुणी केलेली नाही, आणि असा बदल रोगकारक आहे का हे ठरवायचे २०१५ चे निकष मुख्यतः प्रथिनांवर परिणाम करणारे बदल डोळ्यांसमोर ठेवून केलेले. तिघांच्या पुराव्यावर ते ‘अर्थ अनिश्चित’ याच्या पुढे सरकू देत नाहीत. उंदराच्या गर्भात तपासायची आमची ऐपत नाही. मी खाली सविस्तर परिच्छेद लिहिला. डॉक्टरांचा फोन आला, ‘अहो, घरचे फक्त ठळक ओळ वाचतात.’

आत्यालाही तसंच बोट आहे. तिचा नमुना मिळाला तर पारडं जड होईल. तिला विचारलं, तर म्हणाली, ‘माझं त्या बोटावाचून काही अडलं नाही, सुई कशाला टोचून घेऊ?’ तिला काय सांगून राजी करावं, आणि करावं का, हे अजून ठरत नाही.